पॅरिसमध्ये उतरावे कोठे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय 'परदेशप्रवास' असा मोघम छापला आहे. परंतु परदेश हा काही अर्ध्या तासात आटोपणारा विषय नव्हे, आणि प्रेक्षणीय स्थळांची वर्णने ऐकवून आपणांस कंटाळा आणावा अशीही आमची इच्छा नाही. आम्ही बोलणार आहोत ते एका साध्या, घरगुती प्रश्नावर. पॅरिसला गेल्यावर उतरावे कोठे? खोली परवडली पाहिजे, ती सोयीच्या ठिकाणी असली पाहिजे, आणि बरोबर आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना तेथून हिंडता-फिरता आले पाहिजे. या तिन्हींचा मेळ कसा घालावा, एवढाच आमचा विषय.

प्रश्न घरगुती खरा, पण त्यावर पुष्कळ अवलंबून असते. गेली काही वर्षे आपल्या घरोघरी एक प्रकार आम्ही पाहत आलो आहोत. मुलगा व सून युरोपास जाण्याचा बेत करतात. आईवडिलांनाही न्यावे असे दोघांच्या मनात असते. पण सत्तरी उलटलेल्या माणसांना 'झेपणार नाही' असे कोणीतरी बोलून जाते, वडील मंडळीही संकोचाने 'तुम्हीच जाऊन या' असे म्हणतात, आणि विषय तेथेच मिटतो. आमचे निरीक्षण असे की, न झेपणारी गोष्ट पॅरिस ही नसून तेथील मुक्काम ही असते. शहराबाहेर लांब उतरलेल्या माणसाने सकाळी आठला पाऊल बाहेर टाकले की रात्री परत येईपर्यंत पाठ टेकण्यास जागा नसते. तेच बिऱ्हाड शहरात असेल तर दुपारी जेवून दोन तास आडवे होता येते आणि संध्याकाळी नव्या उमेदीने निघता येते. वडील माणसांना प्रवास सुखाचा होतो की शिक्षेचा, हे पुष्कळदा या दुपारच्या दोन तासांवर ठरते.

सहल कंपन्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. चाळीस-पन्नास माणसांची बस जेथे उभी राहील आणि वीस-पंचवीस खोल्या एकदम मिळतील, तेथेच त्यांना उतरावे लागते. अशी ठिकाणे विमानतळाजवळ रोआसी येथे, डिस्नेच्या उद्यानाजवळ मार्न-ला-व्हालेस किंवा हमरस्त्याच्या कडेला असतात. मंडळींची जेवणाखाण्याची व्यवस्था ते चोख ठेवतात, हेही खरे. पण दुपारी कोणाचे गुडघे दुखू लागले तर त्याला बसमध्येच बसून राहावे लागते. स्वतःच्या बळावर जाणाऱ्या कुटुंबाला या बंधनाचे कारण नाही. मात्र जागा कशी निवडावी हे त्याला कळले पाहिजे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'हॉटेल' म्हटले की चहा आणि भजी मिळण्याचे ठिकाण डोळ्यांपुढे येते. राहण्याच्या जागेस आपण 'लॉज' म्हणतो. फ्रेंचांत याच शब्दाचा उच्चार 'ओतेल' असा असून त्याचे अर्थ आणखी निराळे आहेत. 'ओतेल द व्हिल' म्हणजे नगरपालिकेची कचेरी, आणि 'ओतेल-द्यू' हे तर रुग्णालय! 'ओतेल द व्हिल' नावाचे मेट्रोचे स्टेशनही आहे, तेव्हा टॅक्सीवाल्याला नुसते नाव न सांगता पत्ता दाखवावा हे बरे.

आणि पत्त्यावरूनच निम्मा निर्णय करता येतो. १८६० सालापासून पॅरिस शहराचे वीस विभाग आहेत. पुण्याच्या पेठा म्हणा ना. फरक इतकाच की या पेठांना नावांऐवजी क्रमांकांनी ओळखतात. मध्यभागी पहिला, आणि तेथून गोगलगाईच्या शंखासारखे वळण घेत बाहेर विसावा. टपालाच्या पाच आकड्यांतील शेवटचे दोन हा विभागाचा क्रमांक होय. ७५००५ म्हणजे पाचवा विभाग, ७५०१३ म्हणजे तेरावा. पहिले दोन आकडे ७५ नसले तर ती जागा पॅरिस शहरात नाही, मग हॉटेलाच्या पाटीवर 'पॅरिस' हे नाव केवढ्याही अक्षरांत असो. ९२, ९३ व ९४ ही लगतची उपनगरे. ९५ म्हणजे बहुधा आणखी लांब, कारण विमानतळाशेजारचे रोआसी ९५ मध्ये येते. आणि डिस्नेचे उद्यान ७७ मध्ये. जाहिरातीतील चित्रात खिडकीतून आयफेल मनोरा दिसत असला तरी आधी हे दोन आकडे पाहावे.

याचा अर्थ पहिल्या-दुसऱ्या विभागातच उतरले पाहिजे असा मुळीच नव्हे. अनेकांचा येथेच गैरसमज होतो. नकाशाच्या मध्यावर बोट ठेवून 'सेंटरला हॉटेल हवे' असा आग्रह ते धरतात, भाव ऐकून हबकतात आणि एकदम शहराबाहेर जातात. वास्तविक सारे पॅरिस शहर जेमतेम १०५ चौरस किलोमीटरांचे, बृहन्मुंबईच्या पावपटीहूनही लहान आहे. तेथे मध्यापासूनचे अंतर फारसे महत्त्वाचे नाही. आपण मुंबईची माणसे घर घेताना 'स्टेशनपासून किती मिनिटे आणि कोणत्या लाईनवर' असे विचारतो. पॅरिसला नेमका हाच प्रश्न विचारावा, आणि हॉटेल निवडण्यापूर्वी विचारावा. आधी मेट्रोची लाईन ठरवावी, मग त्या लाईनवरील स्टेशन, आणि त्यानंतर त्या स्टेशनापासून चारपाचशे पावलांच्या आत मिळेल ती खोली. आमच्या साऱ्या सांगण्यातील मुख्य गोष्ट हीच.

उदाहरण घेऊन बोलू. तेराव्या विभागात प्लास दिताली नावाचा मोठा चौक आहे. पर्यटकांच्या पुस्तकांत त्याचे फारसे कौतुक नसते, म्हणून तेथील भाव नदीकाठच्या मानाने बरे असतात. पण तेथे मेट्रोच्या तीन लाईनी मिळतात. सातव्या लाईनीने गाडी न बदलता लूव्र संग्रहालय, ऑपेरा आणि मोठी दुकाने. सहाव्या लाईनीने, पुष्कळसा मार्ग पुलावरून शहर न्याहाळत, बिर-हाकीम येथे उतरले की आयफेल मनोरा. पाचवीने बास्तीय आणि गार द्यु नॉर, म्हणजे लंडन, ब्रसेल्स व ॲमस्टरडॅमकडे जाणाऱ्या गाड्यांचे स्टेशन. अशा जागेला आम्ही मोक्याची जागा म्हणतो. त्याच सातव्या लाईनीवर अलीकडे गोबलँ व प्लास मोंज ही स्टेशने आहेत. तेथे छोटी, कुटुंबाने चालविलेली हॉटेले आढळतात, आणि सकाळचा भाजीबाजार पायाशी असतो.

चौदाव्या विभागातील दाँफेर-रोशरो हेही आमच्या आवडीचे. विमानतळावरून येणारी 'बी' रेल्वे तेथे थेट थांबते, चौथी लाईन नोत्र-दामच्या बेटावर नेते, आणि सहावी मनोऱ्याकडे. हे देवालय २०१९ च्या आगीनंतर २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उघडले, तेव्हा ते पाहण्याची इच्छा आता सर्वांनाच असते. जवळच दागेर नावाचा पादचाऱ्यांचा रस्ता आहे, त्यावर फळे, पाव, चीज यांची दुकाने ओळीने आहेत. मुले बरोबर असतील तर पंधराव्या विभागातील कोमेर्स, काँब्रोन या बाजूला पाहावे. तेथे राहणारी माणसे पॅरिसचीच, घरी मुलेबाळे असणारी. रात्री गलका नाही, आणि मनोऱ्यापर्यंत हळूहळू पायी जाता येते.

गार द्यु नॉर व गार द लेस्त या दोन मोठ्या स्टेशनांभोवती स्वस्त हॉटेलांची दाटी आहे. आपल्या लोकांना तेथे एक मोठे आकर्षण आहे. तेथून ला शापेलकडे जाताना श्रीलंकेच्या व दक्षिणेकडील तमिळ मंडळींची वस्ती लागते. इडली-डोसा, कढीपत्ता, नारळ, सारे मिळते. पाजोल रस्त्यावर माणिक्क विनायकाचे देऊळ आहे. ही देवस्थान संस्था १९८५ साली स्थापन झाली, आणि गणेशचतुर्थीच्या सुमारास तिची रथयात्रा या रस्त्यांतून निघते. तिथल्या एका रस्त्याचे नावच 'काय' असे आहे. मराठी माणसाने नाव विचारले आणि उत्तर मिळाले 'काय', तर रागावू नये! मात्र स्टेशनाभोवती रात्री वर्दळ फार, खिसेकापूही आहेत, आणि काही गल्ल्या वडील माणसांबरोबर रात्री दहानंतर चालण्याजोग्या नाहीत. म्हणून जेवायला तेथे जावे, उतरायला नको, असे आमचे मत. ज्यांना पहाटेची गाडी पकडावयाची आहे त्यांनी एक रात्र काढण्यास हरकत नाही.

मोंमार्त्रची गोष्ट निराळी. नकाशात ते किती जवळ दिसते! पण ती टेकडी आहे, आणि नकाशात चढ दिसत नाही. चित्रकारांच्या गल्लीतील खोलीची खिडकी उघडल्यावर मन प्रसन्न होते खरे. परंतु सामान घेऊन शंभर पायऱ्या चढताना त्या प्रसन्नतेचा लवलेश उरत नाही.

पायऱ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली, आणि जुन्या स्टेशनांत बहुतेक ठिकाणी लिफ्ट नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत लिफ्टची सोय असलेली एकच लाईन आहे, ती चौदावी. २०२४ च्या जूनमध्ये ती दोन्ही बाजूंनी वाढवून उत्तरेस सँ-द्नी प्लेयेल व दक्षिणेस ऑर्ली विमानतळापर्यंत नेली. ज्यांच्या घरी गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेले माणूस आहे, त्यांनी इतर सर्व विचार बाजूला ठेवून या लाईनीवर बिऱ्हाड पाहावे. बेर्सी, कूर सँतेमिल्याँ, बिब्लिओतेक फ्राँस्वा मितेराँ, ओलँपियाद, ही नावे लिहून घ्यावी. तेथून पिरामिद स्टेशनापर्यंत पाऊण तास नव्हे, दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि पिरामिदपासून लूव्र व ऑपेरा दोन्ही चालण्याच्या अंतरावर. उलटपक्षी, दोन लाईनी बदलाव्या लागतील अशी जागा स्वस्त मिळाली तरी टाळावी. शातले येथे गाडी बदलणे म्हणजे गर्दीच्या वेळी दादरचा पूल ओलांडणे होय, आणि तोही दोनदा. बसगाड्या मात्र बसक्या असतात, चढण्यास त्रास नाही आणि शहर दिसते. हॉटेलाच्या दाराशी बसचा थांबा असेल तर वडील मंडळींना मेट्रोत उतरविण्याचे कारणच नाही.

आता पैशाचा हिशेब. पूर्वी उपनगरांत उतरणाऱ्याला तिकिटाचा भुर्दंड पडे, कारण अंतरानुसार भाडे वाढत असे. १ जानेवारी २०२५ पासून मेट्रो व उपनगरी रेल्वेचे भाडे विमानतळ वगळता सर्वत्र एकच झाले. त्या वर्षी ते २.५० युरो होते. त्यामुळे लांब राहून पैसे वाचतात हे म्हणणे आता पूर्वीपेक्षा अधिक खरे झाले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. म्हणूनच व्हाँसेनसारखे उपनगर, ९४ आकड्याचे असूनही, वाईट नव्हे. पहिली लाईन तेथून निघते आणि गाडी न बदलता लूव्रला पोचविते. पण तिकिटाचा हिशेब संपला तरी वेळेचा राहतोच. समजा, शहरातील खोली रात्रीला १२० युरो आणि दूरची ९० युरो. चार रात्रींत १२० युरो वाचले. दूरच्या जागेहून जाण्यास पस्तीस मिनिटे जास्त, येण्यास तितकीच, म्हणजे चार दिवसांत चार तास चाळीस मिनिटे गेली, आणि दुपारची विश्रांती गेली ती वेगळीच. तिशीतल्या जोडप्याने १२० युरो वाचवावे. आजी-आजोबा आणि नातवंडे बरोबर असतील तर ते खर्च करावे.

याला आणखी एक कारण आहे. जूनअखेर पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. आयफेल मनोऱ्यावरील दिव्यांचा लखलखाट अंधार पडल्यावर दर तासाच्या आरंभी पाच मिनिटे होतो. म्हणजे उन्हाळ्यात तो पाहण्यास दहा-अकरा वाजणारच. लांब उतरलेली मंडळी लहान मुले पेंगुळली म्हणून नऊलाच परततात, आणि इतक्या दूर येऊन तो न पाहताच घरी येतात. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यास मात्र ही अडचण नाही. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आजीबाई संध्याकाळी सातला रोषणाई पाहून आठला खोलीवर परततात. थंडी असते, पाऊसही असतो, पण खोल्यांचे भाव जून किंवा सप्टेंबरपेक्षा बहुधा उतरलेले असतात. ऑगस्टमध्ये पॅरिसकर स्वतःच गावाला जातात, तेव्हाही भाव नरम पडतात. विषम वर्षांच्या जूनमध्ये ल बुर्जे येथे विमानांचे मोठे प्रदर्शन भरते, आणि मार्चच्या आरंभी व सप्टेंबरअखेर कपड्यांच्या नव्या पद्धतींचे सोहळे असतात. त्या आठवड्यांत खोलीचा भाव विचारूच नये.

जाहिरातीतील भाव हा पुरा भाव नसतो. पॅरिसला प्रत्येक प्रौढ माणसामागे दर रात्री मुक्कामाचा कर द्यावा लागतो. २०२४ पासून तो बराच वाढला. तीन तारकांच्या हॉटेलात माणशी पाच युरोंहून अधिक, चार तारकांच्या हॉटेलात आठांहून अधिक. दोघांच्या चार रात्रींचे तीन तारकांत चाळीस युरोंवर जातात. ढोबळमानाने शंभर रुपयांचा एक युरो धरला तर ही चार हजारांची बाब झाली. अठरा वर्षांखालील मुलांना कर नाही. न्याहारी बहुधा वेगळी आकारतात. आमचा सल्ला असा की ती हॉटेलात घेऊच नये. कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे निम्म्याहून कमी पैशांत ताजा क्रोसाँ आणि कॉफी मिळते.

तारकांविषयीही थोडे. फ्रान्समध्ये तारका सरकारी मानकांनुसार मिळतात आणि दर पाच वर्षांनी तपासणी होते, तेव्हा त्या खोट्या नसतात. पण त्या जागेचे आकारमान व सोयी मोजतात, रस्त्याची शांतता किंवा स्टेशनाचे अंतर मोजत नाहीत. एक वा दोन तारकांच्या हॉटेलात दोघांची खोली ९ चौरस मीटर असली की नियम पुरा झाला. म्हणजे सत्त्याण्णव चौरस फूट! चार तारकांना १६ मीटर लागतात, ते एकशे बहात्तर फूट होतात. आपल्या वडिलांच्या पिढीने ज्या बीडीडी चाळींत संसार केले तेथील खोली १६० फुटांची, हे आठवले की मनुष्य तक्रार करीत नाही. तथापि दोन मोठ्या बॅगा उघडण्यास जागा राहात नाही, हे आधी माहीत असलेले बरे. लहान बॅगा न्याव्या.

खोली मागताना चार गोष्टी स्पष्ट विचाराव्या. लिफ्ट आहे काय, आणि ती तळमजल्यापासून आहे की अर्धा जिना चढून गेल्यावर? पलंग एक की दोन? फ्रेंचांचा दुहेरी पलंग बहुधा १४० सेंटिमीटर रुंदीचा असतो, आपल्या दोन धट्ट्याकट्ट्या माणसांना तो अपुरा पडतो. वातानुकूलन आहे काय? पॅरिसला काय उकाडा, असे म्हणू नये. २५ जुलै २०१९ रोजी तेथे ४२.६ अंशांची नोंद झाली आहे. आणि खोली रस्त्याच्या बाजूस की चौकाच्या? चौकाकडील खोलीस 'सूर कूर' म्हणतात. दृश्य नसते, झोप मात्र लागते. तीन वर्षांचे मूल असले तरी त्याची गणना सांगितलीच पाहिजे. दोघांच्या खोलीत 'एक गादी खाली टाकू' ही आपली रीत तेथे चालत नाही. तिघांची, चौघांची खोली वेगळी मागावी लागते, आणि अशा खोल्या थोड्या असल्याने त्या लवकर जातात.

शाकाहारी कुटुंबांनी आणि मधुमेह्यांनी स्वयंपाकघरासह मिळणाऱ्या खोल्यांचा जरूर विचार करावा. अशा जागांना तेथे 'रेझिदाँस' म्हणतात. शेगडी, भांडी, फ्रीज असतो, पिठलेभात होतो. साध्या हॉटेलच्या खोलीत मात्र विजेची शेगडी लावू नये. ते नियमाविरुद्ध आहे आणि धुराची घंटा फोडणीचे कौतुक करीत नाही. खाजगी घरे भाड्याने मिळतात, ती घेताना जाहिरातीत नगरपालिकेचा नोंदणी क्रमांक आहे की नाही ते पाहावे. पॅरिसला तो बंधनकारक आहे, आणि राहते घर भाड्याने देण्याची मर्यादा २०२५ पासून वर्षाला नव्वद दिवसांवर आणली आहे. क्रमांक नसलेली जागा ऐनवेळी हातची जाऊ शकते.

'आपले कोणी पॅरिसला नाही का?' हा प्रश्न आपल्या मंडळात हमखास निघतो. ज्ञातीच्या माणसाकडे उतरणे ही आपली जुनी चाल. मुंबईत नोकरीसाठी नव्याने आलेल्या तरुणांना आसरा मिळावा म्हणून आपल्यासारख्या अनेक संस्थांनी वसतिगृहे काढली, ती याच भावनेने. पण फ्रान्समध्ये पाहुण्याला ठेवून घेणाऱ्या यजमानास आपल्या नगरपालिकेतून निमंत्रणाचा दाखला काढावा लागतो. त्याला ३० युरोंचे तिकीट लागते, घराचे कागद दाखवावे लागतात, आणि दाखला नाकारला तरी पैसे परत नाहीत. तेथील तरुण जोडप्याचे घर दीड खोल्यांचे, दोघेही नोकरीवर. त्यांच्याकडे एक संध्याकाळ जेवायला जावे, मेतकूट आणि गोडा मसाला द्यावा, आणि रात्री आपल्या खोलीवर यावे, हे दोन्हीकडून सुखाचे. विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी. १९२५ पासून वाढत गेलेल्या आंतरराष्ट्रीय विद्यापीठ-नगरीत भारतीयांसाठी 'मेझाँ द लँद' हे वसतिगृह आहे. शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींनी तेथे वेळेवर अर्ज करावा.

आरक्षणाचा क्रम असा ठेवावा. व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. म्हणून प्रथम, पैसे न बुडता रद्द करता येईल असे आरक्षण करावे. थोडे स्वस्त पण रद्द न होणारे आरक्षण व्हिसा हाती येण्यापूर्वी कधीही करू नये. २०२४ च्या जूनपासून व्हिसाचे शुल्क प्रौढास ९० युरो झाले आहे आणि नकार आला तरी ते जातेच, त्यात खोलीचे पैसे आणखी कशाला? काही दलाल 'व्हिसापुरते' कागद करून देतो म्हणतात व मग ते रद्द करतात. या वाटेला जाऊ नये. सीमेवरचा अधिकारीही मुक्कामाचा कागद मागू शकतो. जागा पसंत पडली की हॉटेलाला स्वतः पत्र लिहावे. २०१५ सालच्या कायद्याने फ्रान्समधील हॉटेलांना मध्यस्थापेक्षा कमी भाव देण्याची मोकळीक मिळाली आहे, आणि लहान हॉटेले ती वापरतात. भाव नाही तर निदान न्याहारी किंवा वरची शांत खोली देतात. लोकांचे अभिप्राय वाचताना स्तुती सोडून द्यावी व तक्रारी वाचाव्या. 'खोली लहान' ही तक्रार सोडून द्यावी, 'ढेकूण' हा शब्द मात्र सोडू नये. २०२३ च्या शरदात पॅरिसच्या ढेकणांची बातमी जगभर गेली होती. पोचल्यावर गादीची शिवण पाहून मगच बॅग उघडावी. आणखी एक. आरक्षणानंतर हॉटेलाच्या नावाने 'कार्ड पुन्हा पडताळा' असा निरोप आला तर त्यातील दुव्यास हात लावू नये. हॉटेलात दूरध्वनी करून विचारावे. अशा बनावट निरोपांनी पुष्कळांचे पैसे गेले आहेत.

विमानतळावरून जाण्याचा विचार जागा निवडतानाच करावा. २०२५ साली रेल्वेचे तिकीट माणशी १३ युरो होते, म्हणजे चौघांचे ५२. आणि टॅक्सीचे ठरीव भाडे नदीच्या उजव्या तीरास ५६ व डाव्या तीरास ६५ युरो, सामान कितीही असो. चार किंवा तेरा युरोंसाठी रात्रभर विमानात बसून आलेल्या सासूबाईंना जिने चढवू नये. टॅक्सी मात्र अधिकृत रांगेतलीच घ्यावी. आत येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नये. सकाळी पोचलात तर खोली दुपारी दोन-तीनला मिळेल, पण सामान लगेच ठेवून घेतात. परतीच्या दिवशीही तसेच. खोली अकराला सोडावी लागते, विमान रात्रीचे असते. जवळ उतरला असाल तर सामान तेथेच ठेवून शेवटची दुपार लुक्साँबूर बागेत काढता येते, आणि सहाला येऊन टॅक्सीत बसता येते.

मेट्रोचा एक मोठा नकाशा मंडळाच्या कार्यालयात भिंतीवर लावला आहे. आज सांगितलेल्या स्टेशनांवर आम्ही तांबड्या शाईने खुणा केल्या आहेत. ज्यांचा मे महिन्याचा बेत आहे त्यांनी रविवारी सकाळी यावे. बरोबर येणाऱ्या वडील मंडळींनाही आणावे, कारण जिने किती चढवतील हे त्यांनीच सांगावयाचे आहे.